खंडेनवमीचा हातोडा

एका गावात वरच्या आळीला महिपती नावाचा एक सुतार राहत होता. हाताचा गुणी, पण स्वभावाचा हेकट. घराच्या पडवीतच त्याचं काम चालायचं आणि पडवीच्या मधोमध होतं लाकूड कापायचं जुनं मशीन. वडिलांच्या वेळचं. लोखंडी टेबल, टेबलातून वर आलेली गोल करवत, खाली मोटर आणि उघडा पट्टा. करवतीवर कव्हर नाही, पट्ट्याला जाळी नाही. आणि बटण कुठे, तर करवतीच्या पलीकडे, भिंतीवर. म्हणजे मशीन बंद करायचं तर फिरत्या करवतीवरून हात न्यायचा. काय म्हणावं अशा माणसाला?

त्या गावात लाइट सारखी जायची. लाइट गेली की मशीन थांबायचं आणि महिपती चहाला आत जायचा. बटण मात्र बंद करायचा नाही. लाइट आली की मशीन आपलं आपण गरगरायला लागायचं आणि तो आवाज ऐकून हा बाहेर यायचा. याचं त्याला भारी कौतुक.

"लाइट आली की माझं मशीन मला हाक मारतं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

गावचा वायरमन लियाकत हे ऐकून कपाळाला हात लावायचा. एकदा तो स्वतःच एक स्टार्टर घेऊन आला.

"मिस्तरी, हा लावून घ्या. लाइट गेली की हा बंद पडतो. लाइट परत आली तरी तुम्ही हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन हलायचं नाही. पुढच्या बाजूला बसवू, हाताशी. करवतीचं कव्हर तेवढं तुम्ही करा."

"माझ्या वडिलांनी याच मशीनवर जन्म काढला," महिपती म्हणाला. "त्यांना कुठे लागलं कव्हर?"

त्याची बायको सुगंधा आतून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, गावाची दारं-खिडक्या करता. आपल्या घरासाठी एक कव्हर करायला काय होतं?"

रोजची कटकट नको म्हणून महिपतीने कव्हर केलं बरं का. करवतीचं केलं, पट्ट्याचंही केलं. छान केलं. आणि दोन्ही कव्हरं, लियाकत ठेवून गेला होता त्या स्टार्टरसकट, माळ्यावर टाकून दिली. "बसवू की सवडीने," म्हणाला. सवड काही होईना.

अशात खंडेनवमी आली. सुताराच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही त्या घरची रीत. सकाळी महिपती शेवटची फळी कापत होता, तेवढ्यात लाइट गेली. मशीन थांबलं. त्याने कपडे झटकले आणि आंघोळीला गेला. बटणाकडे हात गेलाच नाही, कारण त्या हाताला ती सवयच नव्हती.

इकडे सुगंधाने पडवी झाडली, रांगोळी काढली. महिपतीच्या म्हाताऱ्या आईने पाटावर रंधा, पटाशी, हातोडा अशी हत्यारं मांडली. महिपती धूतवस्त्र नेसून आला, हत्यारांना गंध-फूल वाहिलं आणि नारळ आणायला आत गेला. मशीनची पूजा दरवर्षी सुगंधा करायची. तिने टेबलावर ताम्हण ठेवलं, करवतीला झेंडूची माळ घातली आणि करवतीच्या एकेका दाताला बोटाने हळदकुंकू लावायला लागली.

वाऱ्याने ताम्हणातलं निरांजन विझलं.

"सूनबाई, आधी दिवा लाव," आई म्हणाली. सुगंधाने हात काढला आणि काडेपेटी घ्यायला खाली वाकली.

आणि लाइट आली.

घर्रकन करवत फिरली. झेंडूच्या चिंध्या झाल्या, पाकळ्या भिंतींवर आपटल्या. माळेच्या दोऱ्यात ताम्हण अडकलं आणि सुगंधाच्या डोक्यावरून जाऊन दाराच्या चौकटीवर आदळलं. आई पाटाशीच थिजली. सुगंधा खाली बसली ती उठेचना. कुंकवाची बोटं तशीच हवेत, आणि नजर त्या बोटांवर.

महिपती नारळ घेऊन दारात आला आणि त्याच्या हातातून नारळ गळून पडला. बटण बंद करावं म्हणून तो धावला, तर मध्ये फिरती करवत. इतकी वर्षं तिच्यावरून सहज हात नेणारा माणूस, आज त्याचा हात पुढे होईना. शेवटी त्याने मागे पळत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. करवत थांबायला किती वेळ लागतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्याने सुगंधाचा हात हातात घेतला. उलटा पाहिला, सुलटा पाहिला. सगळीकडे लाल. कुंकू कोणतं आणि रक्त कोणतं, हे त्याला समजेना. धोतराच्या सोग्याने पुसलं तेव्हा दिसलं, की सगळं कुंकूच होतं. मग तो तिच्या शेजारी बसला.

सुगंधा बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"लाइट आली हे सांगायला घरात मी नव्हते का हो?"

महिपती उठला, माळ्यावर चढला आणि दोन्ही कव्हरं, स्टार्टर खाली घेऊन आला. बसवायला हत्यारं हवीत, आणि हत्यारं तर पाटावर, गंध-फूल वाहिलेली. त्याने आईकडे पाहिलं.

आईने उभ्या आयुष्यात ही रीत मोडली नव्हती. शेजारच्या घरात कुणी नवमीला साधी कात्री धरली तरी ती बोलायची. ती पाटाकडे बघत राहिली, मग सुनेच्या हाताकडे. मग तिने हात लांबवला आणि हातोड्यावर ठेवला. त्यावरचं फूल बाजूला केलं आणि हातोडा लेकाच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "देवाची माफी उद्याही मागता येईल. माणसाला हात उद्या फुटत नाही."

महिपतीने दुपारपर्यंत दोन्ही कव्हरं बसवली. लियाकतला जेवणावरून उठवून आणलं आणि स्टार्टर पुढच्या बाजूला लावून घेतला. उरलेली पूजा महिपतीने स्वतः केली. कुंकू लावायच्या आधी त्याने मेन स्विच पाडून ठेवला.

तात्पर्य काय, तर आजवर काही झालं नाही या भरवशावर आपल्या माणसाचा हात करवतीपुढे ठेवू नये. जे बसवायचं ते आजच बसवावं, मग आज नवमी का असेना.