जणू इथं कोणी राहतच नाही

साताऱ्याकडच्या खडकवाडीत निवृत्ती नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? आईनं 'म्हशीवर नजर ठेव' म्हटलं, की तो नजर ठेवायचा. म्हैस शेजाऱ्याचा ऊस फस्त करून घरी यायची, तिच्यामागून नजर ठेवत हाही यायचा. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. गाव त्याला घाबरायचं ते याच गुणाला.

त्याची थोरली बहीण इंदू विलायतेत, लीड्स गावी नांदत होती. नवरा सर्जेराव तिथं बस चालवायचा. इंदूला दिवस गेले, तेव्हा हाताखाली कोणीतरी पाठव म्हणून तिनं आईला फोन केला. आईचे गुडघे धरलेले. बाकी सगळं गाव कामात. रिकामं माणूस एकच होतं.

आता तिकडच्या घरांचं ऐका. तिकडं घरांच्याही जाती असतात. चारी बाजूंनी सुटं असतं ते पैसेवाल्याचं. एका अंगानं शेजाऱ्याला चिकटलेलं ते मधल्याचं. दोन्ही अंगांनी चिकटलेलं ते आपल्या सर्जेरावांचं. त्याला टेरेस म्हणतात, पण वर पापड वाळवायला वीतभर गच्ची नाही. गल्लीत अशी घरं ओळीनं उभी. तीच लाल वीट, तेच हिरवं दार. पुढं अंगणाचा पत्ता नाही, दार उघडलं की पाय रस्त्यावर.

आणि घर भाड्याचं. मालकीण ऑल्डरिजबाई शनिवारी घर बघायला येणार होती. घर नीट ठेवलेलं दिसलं तर आणखी वर्षभर राहा, नाहीतर दुसरं शोधा. सातवा महिना पोटात घेऊन घरं शोधत हिंडायची इंदूची तयारी नव्हती. "बाई खूश झाली पाहिजे," एवढाच जप तिनं लावला होता.

निवृत्ती पोचला आणि जेवून गल्लीत फेरफटका मारायला गेला. परत आला तर सगळी दारं हिरवी. एक दार नुसतं लोटलेलं होतं. खडकवाडीच्या रिवाजानं तो सरळ आत शिरला, "अक्के, च्या टाक" म्हणाला आणि सोफ्यावर आडवा झाला.

घर शेजारच्या प्रिचर्ड म्हाताऱ्याचं होतं. साहेब माणूस. हाकलायचं कसं, हे त्याला समजेना. त्यानं चहा करून उशाशी ठेवला, अंगावर पांघरूण घातलं आणि इंदूचं दार वाजवलं.

"माफ करा," तो म्हणाला, "माझ्याकडे एक गृहस्थ झोपले आहेत. ते तुमचे आहेत का?"

इंदूनं भावाला कानाला धरून आणला.

"आरं, ते आपलं घर हाय व्हय?"

"समदी घरं सारखीच हायती, अक्के."

"सारखी असूंदेत! दार वाजवायचं. आतनं कोन 'ये' म्हनलं, की मगच पाऊल टाकायचं. कळलं?"

"बरं अक्के. ध्यानात ठेवतो." आणि त्यानं ठेवलं.

त्या रात्री तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. खुर्ची झकास होती. सर्जेराव कौतुकानं म्हणाले, "ही रस्त्यावर घावली, पाव्हणं. हितं नको असलेलं सामान दाराम्होरं मांडून ठेवत्यात. ज्याला पायजे त्यो उचलतो. कोन कुनाला इचारत न्हाई."

"लई भली मानसं, दाजी," निवृत्ती म्हणाला. तेही त्याच्या ध्यानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको कामाला गेली. निवृत्ती पाव आणायला बाहेर पडला. परत येऊन त्यानं दार वाजवलं आणि थांबला. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबला. पाऊस आला. पावाचा लगदा झाला. संध्याकाळी इंदू आली तेव्हा तो दारात निळा पडून उभा होता.

"आरं, किल्ली खिशात हाय न्हवं?"

"हाय की. पन आतनं कोन 'ये' म्हनंना."

"घरात कोन न्हवतंच, तर म्हननार कोन?"

"म्हनून तर थांबलो."

इंदूनं कपाळ बडवलं. "घरात कोन नसलं, की किल्ली लावायची, आत शिरायचं आन दार पक्कं लावून घ्यायचं. मग कोन का वाजवंना, उघडायचं न्हाई!"

"बरं अक्के. ध्यानात ठेवतो." आणि त्यानं ठेवलं.

पुढं सुट्टीच्या दिवशी इंदू मागल्या परसात कपडे वाळत घालत होती. निवृत्ती जिना उतरून खाली आला. बघतो तर घरात कोणी नाही. त्यानं मागलं दार लावलं, पुढलं लावलं, साखळी घातली आणि खुर्ची टेकवून वर बसला. तेवढ्यात गारा पडायला लागल्या. इंदू दार बडवायला लागली.

"निवऱ्या! दार उघड!"

"जमायचं न्हाई. अक्कानं सांगितलंया, कोन का वाजवंना, उघडायचं न्हाई."

"आरं मुडद्या, मीच ती अक्का!"

"व्हय, तूच सांगितलंस."

म्हाताऱ्या प्रिचर्डनं भिंतीवरून छत्री दिली, मग कोट दिला, शेवटी चहाही दिला. सर्जेराव घरी आले आणि खिडकीतून आत चढले, तेव्हा कुठं दार उघडलं. इंदू शिंकत आत आली.

"भाईर मानूस गारठत हुबं दिसलं, की आत घ्यायचं रं! बसवायचं, गरम च्या पाजायचा! काय दगुड हाईस का तू?"

"बरं अक्के. ध्यानात ठेवतो."

ठेवलं. घरासमोरच बसथांबा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी झोंबणारं वारं सुटलेलं, आणि माणसं रांगेत उभी, गारठत. निवृत्ती धावत बाहेर गेला. त्यानं पहिल्या आजीबाईची पिशवी घेतली, दंडाला धरलं आणि घरात आणलं. आजी हलली म्हटल्यावर मागचा हलला. त्याच्या मागचाही हलला. पुढचा हलला की आपण हलायचं, हा त्या देशाचा धर्म. का, कुठं, असं कोणी विचारत नाही. सगळी रांग सोफ्यापासून जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत बसली. निवृत्तीनं पातेलंभर चहा टाकला, आलं घालून.

तेवढ्यात बस आली. चालवत सर्जेरावच होते. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. नोकरीत पहिल्यांदाच असं बघत होते ते. सहज त्यांनी आपल्या घराकडं पाहिलं. खिडकीत त्यांचे सगळे उतारू उभे होते. हातात कप होते. एकानं कप वर करून नमस्कारही केला.

त्या संध्याकाळी सर्जेराव पहिल्यांदा ओरडले. "पाव्हणं, हे घर आपलं न्हाई! बाईचं हाय! भिंत बाईची, दार बाईचं, किल्लीसुदिक बाईची! उद्या ती येनार. आता कायबी करू नगा."

इंदूला मात्र भावाची कीव आली. शिवाय शनिवारी दोघांनाही दुपारपर्यंत काम होतं आणि घर आवरायला दुसरं कोणी नव्हतं. तिनं त्याला जवळ बसवलं.

"निवृत्ती, माज्या राजा, येवढं येक काम नीट कर. उद्या घर झाडून-पुसून लख्ख कर. घर कसं दिसलं पायजे? जनू हितं कोन ऱ्हातच न्हाई. बाई खूश झाली, की माजं बाळ ह्याच घरात व्हईल."

बाळाचं नाव निघालं आणि निवृत्तीचे डोळे भरून आले. "अक्के, ह्या बारीला चुकायचो न्हाई," तो म्हणाला.

आणि खरंच, कामात तो कुठंच चुकला नाही. खडकवाडीत नवरात्राआधी आई घर काढायची, ते त्यानं जन्मभर पाहिलं होतं. घर काढायचं म्हणजे आधी सगळं सामान अंगणात. इथं अंगण नव्हतं, म्हणून त्यानं सामान दारापुढच्या फरसबंदीवर ओळीनं मांडलं. पलंग, सोफा, गाद्या, कुकर, पोळपाट, देवांसकट देव्हारा, झकास खुर्ची. मग जमीन पुसली, भिंती पुसल्या, खिळेसुद्धा उपटले. घर लख्ख झालं.

आता पंचाईत आली. सामान परत आत नेलं, तर इथं कोणीतरी राहतं असं दिसणार. बाहेर ठेवलं, तर पाऊस येणार. निवृत्ती डोकं खाजवत बसला. एवढ्यात लोकच मदतीला आले. एकानं दिवा उचलला. एकीनं कुकर. गर्दी वाढली तशी रांग लागली. जो तो 'थँक्यू' म्हणायचा, निवृत्तीही 'थँक्यू' म्हणायचा. सोफा जड होता. त्याला निवृत्तीनं स्वतः हात लावला. शेवटी देव्हारा उरला, तो त्यानं काखेत धरला.

ऑल्डरिजबाई ठरल्या वेळेला आली. तिनं दार वाजवलं. निवृत्ती आतून "ये" म्हणाला, आणि मगच तिनं पाऊल टाकलं. शहाणी बाई. ती खोल्याखोल्यांतून फिरली. एक खुर्ची नाही, एक डाग नाही. असे भाडेकरू तिनं उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. घर सोडून जायचं म्हटल्यावर किती सज्जनपणे गेले! तिनं पदर नव्हता म्हणून रुमाल डोळ्यांना लावला आणि हात पुढं केला. निवृत्तीला दाजींचे 'किल्लीसुदिक बाईची' हे शब्द आठवले. त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

इकडं इंदू सर्जेरावांच्याच बसनं घरी येत होती. एका थांब्यावर एक गोरी बाई हातात कुकर घेऊन चढली.

"अगदी आपल्यासारखा हाय की," सर्जेराव म्हणाले.

पुढच्या थांब्यावर एक साहेब चढला. त्याच्या काखेत पोळपाट आणि लाटणं.

"बगा, हितली मानसंबी पोळ्या लाटाया लागली," इंदू म्हणाली. तिला फार बरं वाटलं. किती दिवसांनी मन हलकं झालं होतं.

सर्जेरावांची पाळी संपली, तशी दोघं घरापाशी उतरली. दाराला कुलूप. खिडकीत पाटी, 'घर भाड्याने देणे आहे.' पायरीवर निवृत्ती, मांडीवर देव.

"अक्के!" तो धावत आला. "बाई येवढी खूश झाली, येवढी खूश झाली, की रडली!"

इंदूनं खिडकीतून आत पाहिलं. जणू इथं कोणी राहतच नव्हतं. ती मटकन पायरीवर बसली. सर्जेराव कुलूप ओढून बघत राहिले. वरून पाऊस सुरू झाला.

तेवढ्यात शेजारचं हिरवं दार उघडलं. म्हातारा प्रिचर्ड बाहेर आला. माणसं बाहेर गारठत उभी दिसली, की काय करायचं, हे आता त्या गल्लीला पाठ झालं होतं. त्यानं तिघांना आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, कपांतून गरम चहा दिला.

"आरामात बसा," म्हातारा आनंदानं म्हणाला. "सोफा आजच मिळाला. जवळजवळ नवाच आहे. कपसुद्धा."

इंदूनं सोफ्याकडं पाहिलं. कपाकडं पाहिलं. मग भावाकडं पाहिलं.

निवृत्तीनं पाय वर घेतले आणि चहाचा घोट घेतला.

"बग अक्के," तो म्हणाला, "पयल्याच दिशी सांगत हुतो न्हवं मी? समदी घरं सारखीच हायती."