निर्घृण शब्दाचा निवाडा

राजेसाहेबांनी म्हाताऱ्या माहुताला चाबकाने फोडून काढलं, तेव्हा दरबारातली वडीलधारी मंडळी गालिच्याची नक्षी न्याहाळत बसली. पाठशाळा अर्धवट सोडलेला केरोबा मात्र बोलून गेला, "निर्घृण!"

"याला पन्नास फटके मारा!" राजे गरजले.

"महाराज, ही तर स्तुती. घृणा म्हणजे किळस. आपल्याला कुणाचीच किळस नाही, एवढंच म्हणालो."

दिगंबरशास्त्री शेंडी सावरत उठले. "मूर्खा, घृणेचा मूळ अर्थ दया! निर्घृण म्हणजे निर्दय!"

केरोबाने हात जोडले. "महाराज, आता आपणच ठरवा. मला सोडलंत तर माझा अर्थ खरा, फटके मारलेत तर शास्त्रीबुवांचा."

राजांनी चाबूक खाली ठेवायला सांगितला. आपला अर्थ साफ चुकला, हे सगळ्यात आधी शास्त्रीबुवांनाच पटलं.