गोजरेच्या सुनेचा डोहाळा

ऐका. फार वर्षांपूर्वी खडकमाळ गावात गोजरा नावाची म्हातारी राहायची, आणि कौसा नावाची तिची सून. घर गावाच्या शेवटाला, माळावर. लेक परमुलखात खाणीवर कामाला, सणासुदीला तेवढा घरी यायचा. घरात दोघीच, आणि पाणी खाली ओढ्याला.

कौसाला दोनदा दिवस गेले आणि दोनदा हंडा घेऊन चढ चढताना पोट पडलं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा गोजरा म्हणाली, "आता कळशीला हात लावायचा नाहीस." आणि म्हातारीच खालीवर करू लागली. तिचे गुडघे वाजायचे ते गावाच्या वेशीपर्यंत ऐकू यायचे, असं म्हणतात.

त्याच वर्षी पंचायतीनं नळ आणला. दारोदार तोट्या बसल्या. गोजरेच्या घराशेजारी बागही केली. रोपं लावली, लाकडी बाकडं मांडलं, नारळ फोडला. पण पाणी खालून यायचं, वाटेतली घरं आधी भरून घ्यायची, आणि शेवटच्या तोटीतून नुसता वारा यायचा. रोपांच्या काड्या झाल्या. गोजरा सरपंचाकडे गेली, तर तो म्हणाला, "म्हातारे, नळ दिला, बाग दिली, आता पाणीपण मीच देऊ?"

मग एके दिवशी ओढ्याकाठी भरली कळशी तिच्यानं उचलवेना. आता आपण नाही उचलली तर कौसा उचलणार. गोजरेनं कळशी तिथंच ठेवली आणि ती सरळ सरपंचाच्या दारात गेली. त्याची बायको सुंदरा धुणं वाळत घालत होती.

"सुनेला डोहाळा लागलाय गं."

"अगंबाई! चिंच काढू का आंब्याची फोड?"

"नळाचं पाणी मागतेय."

"एवढंच? ने की हंडाभर."

"हंड्यातलं नको म्हणते. आमच्याच तोटीला ओंजळ लावून प्यायचंय म्हणते."

सुंदराचं हसू मावळलं. गर्भारशीचा डोहाळा मोडला तर मोडणारीच्या घरात पाळणा हलत नाही, असं तेव्हा मानायचे. आणि सुंदराच्या घरात नवी सून आलेली.

"मोठी वस्ताद आहेस, गोजरे."

"वस्ताद कसली? दमलेय गं."

अशी ती दार दार फिरली.

दुसऱ्या दिवशी एकाही बाईनं तोटी उघडली नाही. पुरुष ओरडले, "आमच्या अंघोळी?"

"राहा पारोसे. झिजत नाही काही!"

पाणी माळ चढलं. शेवटची तोटी आधी खोकली, मग धो धो वाहिली. कौसा ओंजळीनं पोटभर प्यायली. उरलेलं पाणी अंगणातून बागेत गेलं, आणि काड्यांना उभ्या उभ्या पालवी फुटली. बाकड्याच्या लाकडालाही पान आलं, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सुंदरानं नवऱ्याला बजावलं, "डोहाळा काय एका ओंजळीनं फिटतो?" तेव्हा पंचायतीनं वाटेत पाणी अडवायच्या चाव्या बसवल्या आणि ठराव केला, की आधी शेवटच्या घराला पाणी, मग खाली.

खडकमाळात अजून तसंच चालतं. कुणाही सुनेचं डोहाळजेवण त्याच बागेत होतं, आणि त्या सकाळी ती गोजरेच्या तोटीचं पाणी पिईपर्यंत सारं गाव आपल्या तोट्या बंद ठेवतं.

कौसाला मुलगी झाली, चांगली बाळसेदार. बारशाच्या दुसऱ्या दिवशी नातीला कुशीत घेऊन गोजरा झोपली होती. उन्हं अंगावर आली. घरातली भांडी काठोकाठ भरलेली होती, म्हणून तिला कुणी उठवलं नाही.