पंखा का फिरेना?

मिरजेतलं दस्तगीरमिस्त्रींचं गॅरेज केव्हाच बंद झालं, पण दसरा आला की मला मिस्त्री हमखास आठवतात.

एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अभियंते रणनवरेसाहेब वाफाळलेली गाडी घेऊन आले.

"रेडिएटरचा पंखा सुरूच होत नाही. कंपनीचं पुस्तक पानन्‌पान वाचलंय मी, मोटर जळलीय. तेवढी बदला, उगाच डोकं चालवू नका!"

मिस्त्रींनी पुढच्या जाळीवर लोंबणारा तुटका हार पाहिला. बॉनेट उघडून त्यांनी पंख्यात गुरफटलेली झेंडूची दोरी ओढून काढली आणि पंखा अडकल्यानं जळालेला फ्यूज बदलला. इंजिन तापलं तसा पंखा गरगरू लागला.

साहेब चिडले, "पण हे पुस्तकात कुठंच नव्हतं!"

हात पुसत मिस्त्री म्हणाले, "कुठनं असंल साहेब? ज्यांनी पुस्तक लिहिलं, त्यांच्या गावात दसरा कुठं असतो?"