नांगराची चकाकी

अवजारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. काळ्या मातीच्या रानातला एक नांगर नदीकाठच्या वाळूच्या शेतात आला. तिथला म्हातारा कुळव वर्षानुवर्षं वरवरच चालायचा आणि शेणखत, पालापाचोळा वरच्या चार बोटांत मिसळायचा.

"असं खाजवून पीक येतं होय, आजोबा?" नांगर हसला. "आमच्याकडे हातभर खोल गेल्याशिवाय कुणी विचारत नाही."

"बाळा, तुमच्याकडच्या मातीचा मुठीत लाडू होतो. इथली बोटांतून गळते," कुळव म्हणाला. "खाली पुरुषभर नुसती वाळूच आहे. या चार बोटांतच शेताचा जीव आहे. तो गाडू नकोस."

"भित्रे आहात झालं!" म्हणत नांगर खोल घुसला. वाळूत घासून घासून त्याचा फाळ असा लखलखला, की तो स्वतःवरच खूश झाला. काळ्या मातीने त्याला कधी इतकं चमकवलं नव्हतं.

बाजरी उगवली. पाऊसही पडला, पण वर पाणी धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं. ते सरळ खाली निघून गेलं. आठ दिवसांच्या उन्हात कोंब करपले आणि वाऱ्याने त्यांच्यावर वाळू ओढली. शेतावरची माणसं बैल घेऊन गाव सोडून गेली.

"मी पुन्हा नांगरतो, आजोबा," नांगर कळवळून म्हणाला. "गाडलेलं वर आणतो."

"खत पाण्याबरोबर केव्हाच खाली उतरलं," कुळव म्हणाला. "आणि तुला ओढणार कोण?"

 नांगराच्या चकचकीत फाळात ते उजाड शेत स्वच्छ दिसत होतं.