कळलावीचा कंद

एकदा एक शिष्य आपलं नवं पुस्तक कापडात गुंडाळून वृद्ध गुरुजींच्या दारी आला आणि उंबरठ्याबाहेरच घुटमळला. पुस्तक वनस्पतिशास्त्राचं, खोऱ्यातल्या शाळांसाठी लिहिलेलं. गुरुजींनी कौतुकाचे दोन शब्द लिहून दिले तर ते शाळाशाळांतून लागणार होतं. नाहीतर चाळीस वर्षं चालत आलेलं जुनंच पुढे चालणार. आणि ते जुनं पुस्तक खुद्द गुरुजींचं होतं.

शिष्याची भीती मात्र निराळीच होती. गुरुजींच्या पुस्तकात कळलावीच्या फुलाचं चित्र होतं, ज्वाळा पेटल्यासारखं. त्या एका पानावरून खोरं त्यांना ओळखत असे. चित्राखाली ओळ होती, 'हिचा कंद विषारी असतो.' शिष्याने त्या जागी फूल घेतलंच नव्हतं. त्याने नुसता कंद काढला होता, मातीने माखलेला, नांगरासारखा वाकडा. आणि शेजारी खायचा गोल करांदा. असं का केलंस, हे गुरुजींनी विचारलं तर काय सांगायचं? दोन उन्हाळ्यांपूर्वी गावात जे घडलं, ते सगळ्यांनी मिळून त्यांच्यापासून लपवलं होतं.

ओसरीवर कागद पुरवणारे शेठजी आधीच येऊन बसले होते. त्यांनी पानं चाळली, मान डोलावली आणि कंदाशी थबकले.

"हे काय रे, चिखलाचं ढेकूळ? गुरुजींचं फूल घाल की इथे. पोरं पुस्तक हातात तरी धरतील."

गुरुजींनी ते पान निरखून पाहिलं. पुस्तक काखोटीला मारून ते उठले आणि काठी टेकत ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घराकडे चालू लागले. शिष्य मागून, तिकडे नको, ऊन फार आहे, असं काहीबाही सांगत राहिला.

अंगणात एक तरुण बाई तांदूळ पाखडत होती. गुरुजींचीच विद्यार्थिनी, सातवीपर्यंत शिकलेली. गुरुजी तिच्यापुढे खाली मातीत बसले आणि तेच पान उघडून तिच्यासमोर धरलं. एवढं निर्दय वागताना शिष्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तिने सूप बाजूला ठेवलं. पान जवळ ओढून पाहिलं. मग वाकड्या कंदावर बोट ठेवलं.

"हाच, गुरुजी. करांदा समजून उकडला मी. पहिला घास लेकराला दिला. म्हटलं, आपण मागून खाऊ."

"माझ्या पुस्तकातलं पान आठवलं नाही, पोरी?"

"पाठ होतं की. सहा पाकळ्या, आधी पिवळ्या, मग लाल. पण फूल कुठे होतं तिथे? नुसती माती होती."

गुरुजींनी हात जोडले आणि ते उठले.

ओढ्याशी आल्यावर शिष्याने हळूच विचारलं, तुम्हाला सांगितलं कोणी?

"कोणीच नाही. पण दोन वर्षं या वाटेवर जो तो मला अडवतो. त्यात आज तुझा हा कंद पाहिला, आणि कळलं." ते काठीवर भार देऊन थांबले. "घरातलं धान्य सरतं वैशाखात, तेव्हा माणूस कंद खणतो. कळलावी फुलते श्रावणात. मी झाड दाखवलं ते त्याच्या शोभेच्या दिवसांतलं. विषारी आहे असं छापलं होतं, म्हणून शेठजींपुढे मी सुटेन. या अंगणात सुटत नाही. तुझं हे एक पान माझ्या सगळ्या पुस्तकाहून मोठं आहे, बाळा. फार उशिरा आलं, एवढाच त्याचा दोष, आणि तोही माझाच."

घरी येऊन त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली, 'हे पुस्तक वैशाखातही उपयोगी पडेल.' शेठजींनी ती दोनदा वाचली आणि हे कसलं कौतुक, असं पुटपुटले. शिष्याने मात्र ती ओळ वाळेपर्यंत पुस्तक मिटलं नाही.

लेकराला काही शिकवताना आपणही एवढं पाहावं, की ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी त्यातलं त्याला काय ओळखता येईल.