बांधलेली दोरी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या राज्याचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही; पण ही गोष्ट सांगताना मला अजूनही संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

त्या राज्यात पितळी ताटांचा एक मोठा कारखाना होता. साच्यावर पितळेचा पत्रा ठेवायचा, वरून बैलाएवढा जड घण कोसळायचा, की एका दणक्यात ताट तयार!

हे यंत्र एका म्हाताऱ्या तांबटाने बांधलं होतं. त्याने घणाला दोन दोऱ्या लावल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम ओढल्या तरच घणाची खिटी सुटायची. दोन्ही हात दोऱ्यांवर असले, की घणाखाली हात सापडण्याची भीतीच नाही.

एकदा राजाने राजकन्येच्या लग्नासाठी दहा हजार ताटं मागवली, तीही आठ दिवसांत. कारखान्याच्या शेटला हाव सुटली. त्याने डावी दोरी ताणून खांबाला करकचून बांधली आणि म्हणाला, "आता एका हाताने दोरी ओढा, दुसऱ्याने पत्रा सरकवा. काम दुप्पट होईल."

"शेट, असं करू नका," म्हातारा तांबट कळवळून म्हणाला. "कुणाचातरी हात जाईल."

"तुमचे हात थरथरतात म्हणून सगळ्यांचेच थरथरतात का?" असं म्हणून शेट हसला. हो, चक्क हसला!

यंत्रावर एक बाई काम करायची. सगळ्यात सफाईदार हात तिचाच. सहाव्या दिवशी पत्रा जरासा वाकडा बसला. तिचा डावा हात तो सरळ करायला गेला, आणि उजव्याने सवयीने दोरी ओढली. डाव्या हाताची चार बोटं गेली.

शेट काय म्हणाला असेल? "चूक तुझीच. नीट बघायला काय झालं होतं? वर एक ताट वाया घालवलंस!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. त्याने तिला हाकलून दिलं आणि लगेच तिच्या जागी दुसरी बाई बसवली. दोरी मात्र तशीच बांधलेली!

हाताला फडकं गुंडाळून बाई थेट दरबारात गेली.

"महाराज, माझी बोटं परत येणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण माझ्या जागी आत्ता दुसरी बसलीय. तिची अजून शाबूत आहेत. आधी चला."

राजा तडक कारखान्यात आला. शेट हात जोडून म्हणाला, "यंत्र अगदी निर्धोक आहे, महाराज. ही बाईच धांदरट."

"निर्धोक आहे ना? मग बस. उरलेली ताटं तू काढ."

शेट बसला. त्याने पत्रा हातात घेतला, वर लटकणाऱ्या घणाकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"महाराज," तो किंचाळला, "आधी ती डावी दोरी सोडा!"

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, शेट," बाई म्हणाली. मग ती राजाकडे वळली. "आणि महाराज, आठ दिवसांची घाई तुमची होती."

राजाची मान खाली गेली.

त्याने स्वतःच्या हाताने दोरी सोडली. कारखाना बाई आणि म्हाताऱ्या तांबटाच्या स्वाधीन झाला, आणि शेटला जन्मभर त्याच यंत्रावर, दोन्ही दोऱ्या ओढत, ताटं काढावी लागली. राजकन्येच्या लग्नात पाहुणे पत्रावळींवर जेवले आणि कुणाचं काही अडलं नाही. बाईची बोटं मात्र परत आली नाहीत.

तात्पर्य: ज्या यंत्रापुढे बसायला मालक स्वतः घाबरतो, त्यापुढे दुसऱ्याला बसवणं हा अपघात नव्हे, अपराध आहे.